रुग्णसेवेची वाट मोकळी करणाऱ्या रमाबाई

बालाघाट जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला परिचारिका म्हणजे काय, हे कळण्यासाठी रुग्णालयाची पायरी चढावी लागत नाही. वैनगंगेच्या काठचे हे आमचे गाव महाराष्ट्राच्या सीमेला लागून असले, तरी जिल्ह्याचा मोठा भाग अजून डोंगराचा आणि साल-बांबूच्या जंगलाचा आहे. बैहर, परसवाड्याकडच्या गोंड आणि बैगा वस्त्यांवर डॉक्टर क्वचितच पोहोचतो. पोहोचते ती नर्सबाई. पावसाळ्यात नाला भरून वाहत असला, तर पाणी उतरेपर्यंत ती काठावर थांबते आणि मग लशींचा डबा सांभाळीत पलीकडे जाते. तापाच्या रोग्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, अडलेल्या बाळंतिणीला रात्री-अपरात्री दवाखान्यापर्यंत आणायचे, सुईला भिणाऱ्या घराची समजूत घालायची, ही सारी तिची कामे. तिच्या धैर्याची परीक्षा वॉर्डात होते त्याहून अधिक वॉर्डाबाहेर होते, असे मला अनेक वर्षे पाहून वाटू लागले आहे.

आज या कामात मराठी मुली मोठ्या संख्येने आहेत आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र घरंदाज म्हणवणाऱ्या मराठी कुटुंबातली स्त्री परक्या माणसाच्या उशाशी बसून त्याचा ताप पाहील, त्याचे मलमूत्र काढील आणि त्याबद्दल पगार घेईल, ही गोष्ट उच्चारणेदेखील अशुभ मानले जात असे. ही कोंडी ज्यांनी फोडली, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्या स्वतः परिचारिका नव्हत्या. त्यांनी कधी नाडी मोजली नाही की पट्टी बांधली नाही. परंतु रुग्णालयाच्या दारापर्यंत जाण्याची जी वाट असते, ती त्यांनी आमच्या स्त्रियांसाठी चालण्याजोगी केली.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून रमाबाईंना सारा महाराष्ट्र ओळखतो. २०१२ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेने तर परकरी पोरीच्या रूपातली रमा घरोघर पोहोचवली. पाटी-पेन्सिल हाती धरणारी, पतीकडून अक्षरे गिरवून घेणारी ती मुलगी सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. मला आज सांगायचे आहे ते तिच्या उत्तरायुष्याविषयी. पन्नाशीला टेकलेली, विधवा, स्वतःचे मूल नसलेली एक बाई पुण्यातल्या ससून रुग्णालयात आपल्या मुली शिकायला पाठवते, हे चित्र त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. पण त्या चित्राचा अर्थ कळण्यासाठी सुरुवात मात्र परकऱ्या पोरीपासूनच करावी लागते.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. मुलींना शिकवण्याची चाल त्या घरी नव्हती, जशी ती त्या काळी बहुतेक घरांत नव्हती. डिसेंबर १८७३ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षात, त्यांचे लग्न झाले. वर एकतीस वर्षांचा, सरकारी न्यायखात्यात चढलेला, विद्वान आणि विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कर्ता होता. पहिली पत्नी नुकतीच वारली होती. मुलगा आता एखाद्या विधवेशी विवाह करील या धास्तीने वडिलांनी घाईघाईने हे लग्न ठरवले. रानड्यांच्या मनात ते नव्हते, पण वडिलांपुढे त्यांची मान वर झाली नाही. सुधारकाने अल्पवयीन कुमारिकेशी लग्न केले म्हणून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती अकारण होती असे म्हणता येणार नाही.

त्याच घरात रानड्यांची बहीण दुर्गा होती. तीही लहानपणीच विधवा झालेली. तिचा पुनर्विवाह व्हावा असे भावाला वाटे. वडिलांनी ते होऊ दिले नाही. पुढे याच घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी रमाबाईंच्या शिक्षणाला कडवा विरोध केला आणि त्यात ही नणंदही होती. मला या गोष्टीत फार मोठे दुःख दिसते. ज्या बाईचे आयुष्य रूढीने माजघरात कोंडले, तीच त्या रूढीची पहारेकरीण झाली होती. रमाबाईंनी हे जवळून पाहिले. आपल्या आठवणींत त्यांनी या बायकांविषयी तक्रारीचा सूर फारसा लावलेला नाही. विधवेच्या हाताला काम नसले आणि मनाला विषय नसला की तिच्या वाट्याला दुसरीच्या पायांवर नजर ठेवण्याखेरीज काही उरत नाही, हे त्यांनी त्या घरातच ओळखले असावे. पुढच्या सगळ्या कामाचे बीज मला तरी तिथेच पडलेले वाटते.

पतीने रमाबाईंना मराठी शिकवले, मग इंग्रजी. इंग्रजीच्या शिकवणीला एक मिशनरी बाई येऊ लागली, तेव्हा तिच्याशी शिवाशिव झाली म्हणून शिकवणीनंतर रमाबाईंनी स्नान केल्यावाचून घरात वावरू नये, असा दंडक सुरू झाला. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना झाली. रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या, की घरी परतल्यावर त्यांच्याशी कोणी धड बोलत नसे. १८८४ साली पुण्यात मुलींच्या हायस्कूलची, म्हणजे पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झालेल्या शाळेची, मागणी पुढे आली, तेव्हा गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे त्यांनी इंग्रजीत भाषण वाचून दाखवले. बाविशीतल्या ब्राह्मण सुनेने भर सभेत साहेबापुढे बोलावे, याचा घरात काय गहजब झाला असेल, त्याची कल्पना आपल्या वाचकांतील जुन्या कुटुंबांना सांगावी लागणार नाही.

या सर्व काळात रमाबाईंनी एक रीत अंगी बाणवली. त्या उलटून बोलल्या नाहीत आणि शिकणेही सोडले नाही. सासरच्या बायका बोलत त्या ऐकून घ्यायच्या, स्वयंपाकघरातले काम चुकवायचे नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडायचे. काही लोकांना हा भित्रेपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. घर सोडून न जाता घराच्या मताविरुद्ध रोज थोडे थोडे चालत राहणे याला लागणारे धैर्य वेगळ्या जातीचे असते, आणि पुढे त्यांनी ज्या मुली रुग्णालयात पाठवल्या त्यांना नेमके त्याच जातीचे धैर्य लागणार होते.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब उभा केला. शिवण, भाषा, प्रथमोपचार असे वर्ग बायकांसाठी चालू झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. रमाबाईंना चाळिसावे वर्ष लागायला नऊ दिवस होते. त्या पुण्याला आपल्या जुन्या वाड्यात परतल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला जवळजवळ कोंडून घेतले. इतके शिकलेल्या, इतक्या सभा गाजवलेल्या बाईलाही वैधव्याने त्याच अंधाऱ्या खोलीत नेऊन बसवले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्या खोलीतून त्या बाहेर पडल्या आणि इतरांच्या दुःखाच्या जागी जाऊ लागल्या. पुण्याच्या मध्यवर्ती तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटायचे, सणावाराला त्यांच्यात जाऊन बसायचे. सुधारगृहातल्या मुलांना खाऊ न्यायचा. रुग्णालयात जाऊन आजाऱ्यांना फळे, फुले, पुस्तके द्यायची. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. परंतु रुग्णालयाच्या या भेटींत त्यांना जे दिसले असेल ते परिषदांत दिसण्यासारखे नव्हते. खाटेवर पडलेली मराठी बाई आणि तिची शुश्रूषा करणारी परिचारिका यांना बहुधा एकमेकींची भाषाच कळत नसे.

त्या काळातली रुग्णसेवेची स्थिती येथे थोडी सांगितली पाहिजे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली ती १८६० साली. मुंबईत शिक्षणाची पद्धतशीर सोय व्हायला त्यानंतर पंचवीसेक वर्षे गेली. तेथे १८९१ साली शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या हिंदी परिचारिका म्हणून घेतले जाते. तथापि या एकट्यादुकट्या नावांपलीकडे हा धंदा युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती स्त्रियांचा समजला जाई. आमच्याकडे सुईणीला बाळंतपणापुरते बोलवायचे, तिने केलेल्या कामानंतर घर धुऊन काढायचे आणि तिला अंगणातूनच धान्य-लुगडे देऊन वाटेला लावायचे. जी बाई जीव वाचवते तिला शिवायचे नाही, असा हा हिशेब होता.

१८९६-९७ च्या प्लेगने तो हिशेब उघडा पाडला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून रोगी शोधले, बायकांना रस्त्यावर उभे केले, आणि त्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरच्या गोळीबारात झाली. इंग्रजांचा जुलूम आम्ही विसरलो नाही, ते योग्यच झाले. पण आमच्या स्त्रियांची शुश्रूषा करू शकतील अशा आमच्या शिकलेल्या स्त्रिया त्या वेळी किती होत्या, हा प्रश्न फार थोड्यांनी स्वतःला विचारला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले हडपसरजवळ आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घालून आणला, स्वतःला लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. अशी माणसे हृदयाच्या प्रेरणेने धावून जातात. परंतु पुढच्या साथीत धावून जाणाऱ्या शंभर बायका हव्या असतील, तर शाळा काढावी लागते, वसतिगृह काढावे लागते आणि समाजाची समजूत घालावी लागते.

ते काम रमाबाईंच्या वाट्याला आले. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल हे दोघे हिंदी स्त्रियांना सेवेचे, विशेषतः शुश्रूषेचे, शिक्षण देण्याची कल्पना घेऊन त्यांच्याकडे आले आणि मुंबईत सेवासदन सुरू झाले. रमाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचे सेवासदन निघाले, तेही त्यांच्या स्वतःच्या वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोठी साथ मिळाली. व्यवस्था, पैसा, पत्रव्यवहार यांचा भार देवधरांनी उचलला. वाचन-लेखन, शिवण यांचे वर्ग चालू होते तोवर लोक फारसे बोलले नाहीत. १९११ च्या सुमारास सेवासदनाच्या मुली ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला जाऊ लागल्या, तेव्हा मात्र बोलू लागले.

आक्षेप काय होते, ते आज मोजून पाहण्यासारखे आहे. परपुरुषाच्या अंगाला हात लागणार. रात्रपाळी करावी लागणार. सर्व जातींच्या रोग्यांची घाण काढावी लागणार, प्रेताला हात लावावा लागणार. सोवळे बुडणार. यांतला एकही आक्षेप खोटा नव्हता; या गोष्टी खरोखरच कराव्या लागत होत्या. त्यामुळे त्यांना युक्तिवादाने उत्तर देता येण्यासारखे नव्हते. रमाबाईंनी वादविवाद वाढवला नाही. त्यांनी व्यवस्था केली. मुलींच्या राहण्याजेवणाची सोय सेवासदनाने आपल्याकडे घेतली, म्हणजे रात्री कोठे राहिली, कोणाच्या हातचे जेवली, हे विचारायला जागा राहिली नाही. ज्या विधवेला सासर-माहेर दोन्ही घरांत उभे करीत नव्हते, तिला सांगायला एक पत्ता मिळाला. आणि त्या पत्त्यावर न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीचे नाव होते.

हे नाव तारण ठेवणे, हे माझ्या मते रमाबाईंच्या आयुष्यातले सर्वांत मोठे धाडस होय. रानड्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याविषयी लोकांच्या मनात अपार आदर होता. १९१० साली रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाल्या, तेव्हा त्या आदराला जिव्हाळ्याचीही जोड मिळाली. एखादी बाई तो आदर देव्हाऱ्यात ठेवून उरलेले आयुष्य सुखासमाधानाने घालवू शकली असती. रमाबाईंनी तो बाजारात आणला. ससूनमध्ये शिकणाऱ्या एखाद्या मुलीविषयी उद्या काही वावगे बोलले गेले असते, तर पहिला डाग त्या नावावर पडला असता. हे पुरते जाणूनच त्यांनी आपले नाव त्या मुलींच्या मागे उभे केले.

परिचारिकांप्रमाणेच डॉक्टरांच्या हाताखालच्या वैद्यकीय शिक्षणासाठीही सेवासदनाने विद्यार्थिनी पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमध्ये पाठवल्या. सुईणकामाचे शास्त्रशुद्ध शिक्षण सुरू झाले. धर्मा-जातीची अट नव्हती, तरी येणाऱ्यांत पांढरपेशा, विशेषतः ब्राह्मण घरांतल्या विधवा पुष्कळ होत्या. यावरून सेवासदनाचे काम मध्यमवर्गापुरते राहिले अशी टीका होते. तीत तथ्य आहे. पण दुसरी बाजूही पाहावी. सोवळ्याचा गर्व ज्या घरांत सर्वांत अधिक, त्याच घरांतली बाई सर्व जातींच्या रोग्यांच्या खाटेशी उभी राहिली, तेव्हा त्या गर्वाला आतून तडा गेला. हे काम बाहेरच्या उपदेशाने झाले नसते.

येथे मी आमच्या घरची एक हकीकत सांगतो. माझे पणजोबा मध्यप्रांताच्या काळात कचेरीतल्या नोकरीनिमित्त या भागात आले. माझ्या आजोबांची धाकटी बहीण, जिला आम्ही सारे आक्का म्हणत असू, चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली ती कायमची. तांबडे अलवण नेसून ती माजघरात वावरे. घरातले प्रत्येक आजारपण तिने काढले. १९१८ च्या इन्फ्लुएंझात घरातली सहा माणसे एकाच वेळी अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने एकटीने त्यांना पेज पाजली, असे वडील सांगत. शेजारीपाजारी कोणाचा ताप उतरेना, की मागल्या दाराने तिला बोलावणे येई. पुण्याच्या एका नातलगांनी सेवासदनाची माहिती कळवून तिला पाठवा, असे पत्र लिहिले होते. पणजोबांनी ते पत्र घडी करून ट्रंकेत ठेवले आणि विषय संपवला. आपली मुलगी परक्यांची उष्टी-खरकटी काढणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ती घरातल्यांची जन्मभर काढत होती, ते कोणाच्या लक्षात आले नाही.

आक्काच्या अखेरच्या दुखण्यात तिला रुग्णालयात ठेवले होते. दक्षिणेकडून आलेली एक तरुण परिचारिका दर चार तासांनी येऊन तिचा ताप पाही आणि खाटेच्या पायथ्याला टांगलेल्या कागदावर टिपून ठेवी. आक्का तिच्याकडे टक लावून पाहत राही. एके दिवशी तिने मला जवळ बोलावून हळूच विचारले, की या मुलीला पगार किती, आणि तो तिच्याच हाती राहतो का. मी उत्तर दिले. ती काही बोलली नाही. त्या पत्राची गोष्ट मला तिच्या मागे, ट्रंक आवरताना, कळली. आमच्या पणजोबांना मी दुष्ट म्हणत नाही. ते त्यांच्या काळाप्रमाणे वागले. पण त्याच काळात, त्याच पोटजातीतल्या, त्याच वैधव्यात असलेल्या एका बाईने पुण्यात दार उघडून ठेवले होते. काळाचे नाव पुढे करून सगळ्यांना सुटका देता येत नाही, एवढेच रमाबाईंच्या चरित्रावरून मी शिकलो.

सेवासदन उभे राहिल्यावरही रमाबाई संस्थेच्या चार भिंतींत बसल्या नाहीत. १९१३ साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा त्या मदत घेऊन तिकडे गेल्या. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जात आणि यात्रेकरू स्त्रियांची सेवा करीत. यात्रेत पटकीची भीती कायमची. गर्दीत चुकलेली म्हातारी, उन्हाने भोवळ आलेली वारकरीण, आडोशाला बाळंत होणारी बाई, यांच्याकडे पाहायला कोणी नसे. शिकलेली बाई तीर्थक्षेत्री पुण्य मिळवायला जाते, हे लोकांना माहीत होते. ती तेथे दुसऱ्याची शुश्रूषा करायला जाते, हे नवे होते. अशा रीतीने रुग्णसेवा रुग्णालयातून निघून रस्त्यावर, वाळवंटात, जत्रेत आली. आजच्या आमच्या जिल्ह्यातली नर्सबाई नाला ओलांडते, तेव्हा ती याच वाटेने पुढे चाललेली असते.

आणखी एक लढा त्यांनी उतारवयात दिला. पुणे नगरपालिकेत सक्तीचे प्राथमिक शिक्षण फक्त मुलांना द्यावे, मुलींचे पुढे पाहू, असा विचार प्रबळ होता. खर्च झेपणार नाही, हे त्याचे मुख्य कारण सांगितले जाई, आणि त्या बाजूला लोकमान्य टिळकांसारखे मोठे नाव होते. रमाबाईंनी मुलींचाही त्यात समावेश झाला पाहिजे असा आग्रह धरला. सभा घेतल्या, घरोघर फिरल्या, आणि १९२० साली पुण्याच्या रस्त्यावरून या मागणीसाठी स्त्रियांची मिरवणूक निघाली. ज्या बाईला तरुणपणी सभेला गेल्याबद्दल घरात अबोला सोसावा लागला, तिच्यामागे आता शहरातल्या बायका चालत होत्या. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणूनही त्यांनी खटपट केली, आणि १९२१ साली तेथील कायदेमंडळाने तो हक्क मान्य केला. या गोष्टींचा रुग्णसेवेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. पाचवी-सहावीपर्यंतही न शिकलेली मुलगी औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचू शकत नाही. परिचारिका हवी, तर आधी प्राथमिक शाळा हवी, हा साधा हिशेब रमाबाईंनी मांडला होता.

एप्रिल १९२४ मध्ये रमाबाई पुण्यात निवर्तल्या. त्यांना बासष्ट वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांच्या मागे सेवासदन वाढत गेले, शाखा निघाल्या. १९२७ साली नागपुरातही सेवासदन सुरू झाले, आणि त्या काळी एकाच प्रांतात असलेल्या बालाघाट-भंडाऱ्याकडच्या कुटुंबांना पुणे दूर असल्याची सबब उरली नाही. १९६२ साली जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या नावे टपालाचे तिकीट काढले. तोवर परिचारिकेचा पेशा देशभर रुळला होता.

परंतु तो पुरता मानाचा झाला, असे मात्र म्हणवत नाही. मुलगी डॉक्टर झाली तर पेढे वाटायचे आणि परिचारिका झाली तर ते सांगताना आवाज थोडा खाली आणायचा, ही रीत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. लग्न ठरवताना रात्रपाळीचा विषय निघतो आणि बोलणी थबकतात, हे मी माझ्या परिचितांत पाहिले आहे. २०२० च्या साथीत आपण गच्चीवर उभे राहून थाळ्या वाजवल्या, हे खरे. पण काही ठिकाणी त्याच दिवसांत परिचारिकेला भाड्याची खोली सोडायला सांगितले गेले, हेही तितकेच खरे. १९११ सालचा आक्षेप आणि २०२० सालचा आक्षेप यांत भाषेपलीकडे फारसा फरक नाही. आम्हांला तिच्या हाताची गरज आहे, पण तो हात आमच्या उंबरठ्याच्या आत नको आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार येथे शे-दोनशे वर्षे नांदलेल्या आपल्या मराठी घरांत वंशवृक्ष जपून ठेवलेले असतात. सरदार, कारभारी, वकील, मास्तर अशी नावे त्यांत मोठ्या अक्षरांत सापडतील. वाचकांनी एकदा ते कागद काढून पाहावेत. कोठेतरी कोपऱ्यात, एखाद्या पुरुषाच्या नावाला लागून, वंशरेषा न पुढे गेलेली एखादी बहीण किंवा आत्या नोंदलेली असेल. बहुतेक वेळा तिचे नावही नसेल, नुसती एक रेघ असेल. घरातली सगळी आजारपणे तिनेच काढलेली असतील. रमाबाईंनी अशा रेघांना नाव, शिक्षण आणि स्वतःच्या हाती राहणारा पगार मिळवून दिला. त्यांच्या सेवासदनातून किती परिचारिका बाहेर पडल्या, हा आकडा मोठा असेलच. पण मला त्यांचे मोठेपण आकड्यात दिसत नाही. ज्या घरात उद्या एखादी मुलगी परिचारिका व्हायचे म्हणेल, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते पत्र घडी करून ट्रंकेत ठेवू नये, एवढे झाले तरी रमाबाईंचे ऋण थोडे फिटेल.